रणगीताचा कर्ता रूझे द लील

रणांगणावर शस्त्राइतकेच बळ सैनिकाच्या मुखातील गीताला असते, हे पोवाडा ऐकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु गीत रचणाऱ्याच्या वाट्याला काय येते? त्यासाठी आम्ही फ्रान्सच्या रूझे द लीलचे चरित्र सांगतो.

त्याचा जन्म १७६० चा. तो सैन्याच्या अभियंता पथकात कॅप्टन होता. एप्रिल १७९२ मध्ये फ्रान्सने ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारले, तेव्हा तो सीमेवरील स्ट्रासबुर्ग नगरात होता. सैनिकांना स्फूर्ती देणारे गीत हवे, अशी इच्छा नगराध्यक्ष दीत्रिक यांनी प्रकट केली आणि रूझेने एका रात्रीत ऱ्हाइन सेनेसाठी रणगीत सिद्ध केले. मार्सेय नगरीचे स्वयंसेवक ते गात जुलैअखेर पॅरिसमध्ये शिरले. म्हणून गीताचे नाव 'मार्सेयेझ' पडले. ज्यांनी कालपर्यंत बंदूक धरली नव्हती असे तरुणही ते गात सीमेकडे निघाले.

राजाची पदच्युती मात्र रूझेला मान्य झाली नाही. त्याने अधिकारपद गमावले व कारावास भोगला; दीत्रिक यांचा तर १७९३ मध्ये शिरच्छेद झाला. १७९५ मध्ये गीत राष्ट्राचे झाले, पण कर्ता दारिद्र्यातच राहिला. १८२६ मध्ये कर्जापायी त्याला पुन्हा तुरुंग पाहावा लागला. निवृत्तिवेतन मिळाले ते १८३० नंतर. १८३६ मध्ये तो निवर्तला.

पहिल्या महायुद्धात, १४ जुलै १९१५ रोजी, राष्ट्राने त्याचे अवशेष सन्मानाने पॅरिसला आणले. संकटकाळी फ्रान्सला आपल्या शाहिराचे स्मरण झाले. ते त्याच्या हयातीत झाले असते तर अधिक शोभले असते, असे आम्हांस वाटते.