घटक ४ : डॉ. चोइथराम गिडवाणी – लादलेले कष्ट, स्वीकारलेले कष्ट

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• डॉ. चोइथराम गिडवाणी यांच्या जीवनाची रूपरेषा सांगता येईल.
• उल्हासनगरच्या घडणीची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करता येईल.
• संकटांमुळे माणसे व समाज बलवान होतात, या समजुतीची चरित्राच्या आधारे चिकित्सा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, उल्हासनगर कॅम्प ४ मधील एखाद्या घराचा पत्ता वाचला, तर त्यात आजही सेक्शनचा आणि बराकीचा क्रमांक आढळतो. बराक हा शब्द लष्करी आहे, कॅम्प हाही तसाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांसाठी जी छावणी उभारली गेली, तिच्यात फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची नगर म्हणून कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले.

या नगराच्या उद्योगशीलतेकडे पाहून अनेकजण असा निष्कर्ष काढतात, की हालअपेष्टांनीच सिंधी समाजाला कणखर केले. हा निष्कर्ष कितपत खरा आहे? त्याचा शोध घेण्यासाठी या समाजाच्या एका नेत्याचे चरित्र आपण पाहणार आहोत.

४.२ घडण

चोइथराम प्रतापराय गिडवाणी यांचा जन्म १८८९ मध्ये सिंधमधील हैदराबाद येथे झाला. हे शहर शासकीय नोकरीत पुढे असलेल्या आमिलांचे आणि दूरदेशी व्यापार करणाऱ्या भाईबंदांचे होते. त्या काळी सिंध प्रांत मुंबई इलाख्याचा भाग होता. १९३६ पर्यंत ही व्यवस्था टिकली. त्यामुळे ठाणे जिल्हा आणि हैदराबाद यांचा राज्यकारभार दीर्घकाळ एकाच राजधानीतून चालत होता, ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

चोइथराम वैद्यकाचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाले. सुखवस्तू जीवन त्यांना सहज लाभले असते. परंतु महात्मा गांधींच्या चळवळीत ते ओढले गेले आणि सार्वजनिक कार्य हाच त्यांचा व्यवसाय झाला. जयरामदास दौलतराम, आचार्य कृपलानी यांच्या पिढीचे हे कार्यकर्ते. चोइथरामांनी कारावास भोगला आणि सिंध प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. हे कष्ट त्यांनी स्वतः पत्करलेले होते. त्यांना हेतू होता, सोबती होते आणि समाजाचा मानही होता.

४.३ फाळणीचा आघात

जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेला संमती देण्यासाठी अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक दिल्लीत भरली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष आचार्य कृपलानी, म्हणजे हैदराबादचेच सुपुत्र होते. चोइथरामांनी मात्र ठरावाला विरोध केला. पंजाब आणि बंगाल यांचे विभाजन झाले, सिंधचे झाले नाही. तो प्रांत अखंडपणे पाकिस्तानात गेला. परिणामी सुमारे एक चतुर्थांश असलेल्या तेथील हिंदूंना भारतात स्वतःचा म्हणता येईल असा भूभाग उरला नाही. ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. ज्या पक्षासाठी तुरुंग पाहिला, त्याच पक्षाच्या निर्णयाने आपली मायभूमी परकी व्हावी, हा आघात परक्या सत्तेच्या शिक्षेहून निराळा होता.

जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि स्थलांतराला वेग आला. कराचीहून जहाजांनी हजारो कुटुंबे मुंबई बंदरात उतरली. त्यांतील अनेकांना कल्याणच्या छावणीकडे धाडण्यात आले.

४.४ लोकप्रतिनिधी

चोइथराम स्वतःही निर्वासित झाले. वयाची साठी जवळ आली असताना त्यांनी निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम हाती घेतले. पुढे काँग्रेसपासून दूर होऊन ते प्रजा समाजवादी पक्षात गेले आणि पहिल्या लोकसभेत ठाण्याचे प्रतिनिधी झाले. सिंधमध्ये जन्मलेल्या नेत्याने मराठी मुलुखातील मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करावे, ही त्या काळाची विलक्षण घटना होय.

याच लोकसभेत १९५४ मध्ये विस्थापितांना भरपाई देण्याचा व त्यांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासून, लहान दावेदाराला तुलनेने अधिक प्रमाणात भरपाई देण्याचे तत्त्व त्यात स्वीकारले गेले. निर्वासितांनी सोसावे आणि सोसून मोठे व्हावे, एवढे सांगणे पुरेसे नव्हते. घर, भरपाई आणि रोजगार हा त्यांचा हक्क होता. चोइथरामांच्या अखेरच्या वर्षांचे कार्य या हक्काभोवती फिरत राहिले. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. उल्हासनगरची भरभराट पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही.

४.५ मूल्यमापन

या चरित्रातून दोन प्रकारचे कष्ट समोर येतात. तुरुंगवास हा स्वीकारलेला कष्ट होता. त्याने चोइथरामांचे मनोबल वाढविले, असे म्हणता येईल. निर्वासन हा लादलेला कष्ट होता. तो ज्याच्या वाट्याला येतो, त्याला निवड नसते. बराकीत गोणपाटाचे आडोसे करून राहिलेली सगळीच कुटुंबे सावरली नाहीत. जी खचली, त्यांची कथा सांगणारे कोणी उरत नाही. यशस्वी झालेल्यांकडे बोट दाखवून संकटाचे गुणगान करताना ही गोष्ट आपण विसरतो.

जे सावरले, त्यांच्यापाशी आधीची शिदोरी होती. व्यापाराची परंपरा, अक्षरओळख, आप्तांचे जाळे, छावणीचे छप्पर आणि हक्कासाठी झगडणारे प्रतिनिधी या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. संकटाने बळ निर्माण केले नाही. असलेल्या बळाची परीक्षा घेतली. आणि काही हानी भरून आलीच नाही. सिंधी भाषेला राज्य मिळाले नाही. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यासही १९६७ साल उजाडावे लागले.

४.६ सारांश

सोन्याला अग्नी उजळवितो, हे खरे. पण लाकडाची त्याच अग्नीत राख होते. समाजाचे सामर्थ्य सोसण्यापेक्षा सोसणाऱ्याला मिळणाऱ्या आधारावर अधिक अवलंबून असते, हे डॉ. चोइथराम गिडवाणी यांच्या जीवनातून ध्यानात येते.

४.७ स्वाध्याय

१. फाळणीच्या संदर्भात सिंधची स्थिती पंजाब व बंगालपेक्षा वेगळी कशी होती?
२. स्वीकारलेले कष्ट आणि लादलेले कष्ट यांतील भेद चरित्राच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरात स्थलांतर करून आलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला. त्यांना कोणकोणते आधार मिळाले व कोणते मिळाले नाहीत, याविषयी दहा ओळी लिहा.