वेद आणि विधि : डॉ. पंजाबराव देशमुख यांचा विद्याव्यासंग

वऱ्हाडच्या काळ्या मातीने जी नररत्ने दिली, त्यांत डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचे स्थान अग्रगण्य होय. त्यांनी भूषविलेल्या पदांची माहिती आपल्या ज्ञातिबांधवांस आहेच. प्रस्तुत लेखात त्यांनी कोणती विद्या संपादन केली व त्या विद्येचे पुढे काय केले, एवढाच विचार करावयाचा आहे.

भाऊसाहेबांचा जन्म 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शामराव व राधाबाई या शेतकरी दांपत्याच्या पोटी झाला. गावी शिक्षणाची पुरेशी सोय नसल्यामुळे चांदूर रेल्वे, कारंजा लाड व अमरावतीचे हिंदू हायस्कूल अशी त्यांची शाळा गावोगाव फिरली. मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि 1920 साली विलायतेस रवाना झाले. कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नावर मुलास परदेशी पाठविणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. शामरावांनी त्यासाठी कर्ज काढले.

कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाने एकच परीक्षा देऊन लवकर घरी परतावे, असे कोणासही वाटले असते. बॅरिस्टरीत पैसा होता, मानही होता. भाऊसाहेबांनी बॅरिस्टरी केली. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. एडिंबरो येथे त्यांनी एम. ए. पदवी मिळविली आणि ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट संपादन केली. हा प्रबंध पुढे 1933 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एका हाती वेद आणि दुसऱ्या हाती कायदा घेऊन ते 1926 साली स्वदेशी परतले.

या दोन विद्यांचा परस्परांशी संबंध काय, अशी शंका वाचकांस येईल. तिचे उत्तर भाऊसाहेबांच्या पुढील आयुष्यात मिळते. 1927 साली अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्य बांधवांस खुले व्हावे म्हणून चळवळ झाली, तीत ते अग्रभागी होते. धर्माच्या नावाने दार बंद करणाऱ्यांपुढे धर्मशास्त्राचा अभ्यासक उभा राहिला, याचे मोल वेगळेच होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. अमरावतीस त्यांनी काढलेल्या श्रद्धानंद छात्रालयातही सर्व जातींची मुले एकत्र राहत असत. भाऊसाहेब आपल्या ज्ञातीचे, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु त्यांनी ज्ञातीची कुंपणे मानली नाहीत, हेही या स्मरणिकेत नमूद होणे अगत्याचे आहे.

आता कायद्याच्या विद्येकडे वळू. 1928 साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करण्याचे कार्य त्यांनी हाती घेतले. 1930 साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून जाऊन ते शिक्षण व कृषि या खात्यांचे मंत्री झाले. सावकाराच्या पाशात सापडलेल्या शेतकऱ्यास दिलासा देणारा कर्ज-लवादाचा कायदा 1933 साली झाला, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. ज्याच्या शिक्षणासाठी बापाने कर्ज काढले, त्या मुलाने आपली विद्या कर्जबाजारी कास्तकाराच्या कामी लावली. पितृऋण फेडण्याचा याहून उत्तम मार्ग कोणता?

1932 साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे ते घटना समितीचे सदस्य झाले आणि 1952 ते 1962 पर्यंत केंद्र शासनात कृषिमंत्री होते. 1955 साली त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली, तर 1959 साली दिल्लीस जागतिक कृषि प्रदर्शन भरविले. 10 एप्रिल 1965 रोजी त्यांचे देहावसान झाले. 1969 साली अकोला येथे कृषि विद्यापीठ निघाले आणि त्यास त्यांचे नाव देण्यात आले. वेद आणि कायदा शिकलेल्या पुरुषाचे नाव शेतीच्या विद्यापीठास लाभावे, यातच सर्व काही आले.

प्रस्तुत लेखकाची हयात अध्यापनात गेली. दोन विषयांची आवड असलेला विद्यार्थी दिसला की, एक काय ते धर, असे सांगणारे पालक पुष्कळ भेटले. क्वचित् आम्ही शिक्षकांनीही तेच सांगितले. त्यांची चिंता खोटी नव्हती, कारण फी कास्तकारीतूनच भरावयाची असते. तथापि, राज्यकारभार व लोकहित ही कामे एका शास्त्राने भागत नाहीत. कर्जाचा प्रश्न अर्थाचा आहे तसाच कायद्याचाही आहे. मंदिराचा प्रश्न कायद्याचा आहे तसाच धर्माचाही आहे. तेव्हा आपल्या तरुणांनी दुसरी विद्या अवश्य घ्यावी. मात्र नावापुढे अक्षरे वाढविण्यासाठी नव्हे, तर ती कोणाच्या उपयोगी पडेल हे मनाशी ठरवून घ्यावी. ज्ञातिमंडळानेही अशा विद्यार्थ्याचे दुसऱ्या पदवीचे वर्ष वाया गेले असे न मानता त्यास हातभार लावावा. भाऊसाहेबांचे खरे स्मारक तेच होईल.