वासुदेव गायतोंडे

सिहोऱ्याहून आपल्यापैकी अनेकांनी नागपूर गाठलं ते कॉलेजसाठी. चित्रकार वासुदेव गायतोंडे २ नोव्हेंबर १९२४ रोजी त्याच नागपुरात जन्मले. घराणं गोव्याचं, शिक्षण मात्र मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. पदविका १९४८ साली.

पुढे त्यांच्या चित्रांतून माणूस, झाड, घर सगळंच गेलं. तरी ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना पटत नसे. ब्रशही मागे पडला. रोलरने रंग पसरायचा, सुरीने खरवडायचा, रंगवलेले कागदाचे कपटे कॅनव्हासवर दाबून उचलायचे आणि ठसा उमटू द्यायचा. छापचित्रवाल्यांचीच ही रीत! वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं होत, बाकी वेळ विचारात जाई. दर पंधरवड्याला काहीतरी दाखवावं लागणाऱ्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे झेपणार नाही.

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री, मग दिल्लीत निजामुद्दीनची एक खोली. १९८४ मध्ये अपघात झाला आणि मोठ्या कॅनव्हासपुढे उभं राहणं जमेना. काही वर्षं त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटनं केली, मग पुन्हा कॅनव्हासकडे वळले. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं ते २०१४ साली.