साराभाईंचे आकाश आणि यवतमाळचे शिवार

मृग नक्षत्र लागले की यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याची दृष्टी आकाशाकडे लागते. येथील बहुतांश शेती कोरडवाहू आणि मुख्य पीक कापसाचे. पहिल्या सरीच्या भरवशावर सरकी पेरावी आणि नंतर पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. अशाच एका मृगात, 19 जून 1981 रोजी, दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून एरियान अग्निबाणाने युरोपचा मेटिओसॅट-2 हा हवामान उपग्रह आणि भारताचा ॲपल हा दळणवळण उपग्रह एकाच उड्डाणात अवकाशात नेले. तत्पूर्वी बंगलोर येथे ॲपलच्या चाचणीत धातूच्या वाहनाचा अडथळा नको म्हणून तो बैलगाडीवर ठेवण्यात आला होता. बैलगाडीच्या देशाला उपग्रहाची गरज आहे, हे ज्यांनी प्रथम ओळखले, ते डॉ. विक्रम साराभाई हे दृश्य पाहावयास हयात नव्हते.

12 ऑगस्ट 1919 रोजी अहमदाबादच्या एका धनाढ्य गिरणीमालकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजचे शिक्षण महायुद्धामुळे खंडित झाले, तेव्हा त्यांनी बंगलोरला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचे संशोधन केले. 1947 साली डॉक्टरेट मिळवून परतताच त्यांनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. वडिलोपार्जित वैभवात रमणे त्यांना सहज शक्य होते. परंतु त्यांनी संस्था उभारण्याचे व्रत घेतले.

केरळातील थुंबा हे मच्छीमारांचे गाव चुंबकीय विषुववृत्तानजीक असल्यामुळे त्यांनी प्रक्षेपणासाठी निवडले. तेथील चर्चच्या वास्तूत शास्त्रज्ञांचे काम सुरू झाले आणि 21 नोव्हेंबर 1963 रोजी पहिला अग्निबाण आकाशात झेपावला. दरिद्री देशाला हा खटाटोप कशाला, या आक्षेपाला त्यांनी कार्यातूनच उत्तर दिले. 1969 साली त्यांनी अमेरिकेशी करार घडवून आणला. त्यातूनच 1975-76 मध्ये सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत उपग्रहाद्वारे शेती व आरोग्याचे कार्यक्रम पोहोचले. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. डॉ. साराभाई मात्र 30 डिसेंबर 1971 रोजी, वयाच्या अवघ्या 52 व्या वर्षी, कोवलम येथे कालवश झाले होते.

त्यांच्या पश्चात, 30 ऑगस्ट 1983 रोजी सोडलेल्या इन्सॅट-1बी या उपग्रहाने दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि हवामान निरीक्षण ही तिन्ही कामे एकत्र पेलली. 17 फेब्रुवारी 2024 रोजी इन्सॅट-3डीएस हा हवामान उपग्रह श्रीहरिकोटा येथून भारतीय अग्निबाणानेच झेपावला. परंतु त्याच वर्षी, शेतकऱ्याला हवामानानुसार सल्ला देणारी देशातील 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्यात आली! वर डोळे तीक्ष्ण व्हावेत आणि खाली ते सांगणारी वाचाच खुंटावी, ही विसंगती डॉ. साराभाईंच्या विचारांशी सर्वथा विपरीत होय.

ढगांचे छायाचित्र दिल्ली-पुण्यात पोहोचले म्हणजे काम संपले, असे नव्हे. पाऊस किती दिवस ओढ देईल, हे राळेगाव वा झरी जामणीच्या शेतकऱ्याला पेरणीपूर्वी, त्याच्या भाषेत आणि त्याच्या तालुक्यापुरते कळले पाहिजे. त्यासाठी नव्या अग्निबाणाची नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्या जाणत्या माणसांची आवश्यकता आहे. ती माणसे नेमणे, हेच डॉ. साराभाईंचे खरे स्मरण ठरेल.