रायतूरचे घर आणि फादर थॉमस स्टीफन्स

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चलगत धर्मगुरूंसाठी बांधलेले निवास असत. ससेक्स परगण्यातील आल्फ्रिस्टन येथील असा एक निवास आजही उभा आहे. लाकडी सांगाडा, काठ्यांचे विणकाम करून त्यावर मातीचा गिलावा दिलेल्या भिंती, वर गवताचे छप्पर आणि मधोमध आढ्यापर्यंत मोकळे असलेले दालन, अशी त्याची रचना आहे. जमीन खडूच्या भुकटीत आंबट दूध कालवून चोपलेली आहे. आटगाव, शहापूर, मुरबाड परिसरात कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपून घर उभारणाऱ्या आपल्या लोकांना ही विद्या परकी वाटणार नाही. पाडण्याच्या बेतात असलेली ही वास्तू १८९६ साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेने अवघ्या १० पौंडांना विकत घेतली. ट्रस्टने जतनासाठी घेतलेली ती पहिली इमारत होय.

अशा घरांच्या इंग्लंडमध्ये, विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी, १५४९च्या सुमारास थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. तोवर इंग्लंडचे राजघराणे रोमपासून विभक्त झाले होते. पुढे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजवटीत जुनी चर्चे व धर्मगुरूनिवास नव्या राजमान्य ख्रिस्तसभेकडे गेले आणि कॅथोलिक धर्मगुरूला मायदेशी लपूनछपून राहावे लागे. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या या तरुणाला स्वतःच्या देशात घर उरले नव्हते. त्यांनी रोम गाठले आणि १५७५ साली येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. मायदेशी ते पुन्हा कधीही परतले नाहीत.

पुढील चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः साष्टी प्रांतात घालविली. तो काळ शांततेचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती व जुन्या धर्मग्रंथांवर बंदी आणली होती. लोकांच्या मनात रोष होता. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली, तेव्हा त्यांचे मृतदेह परत मिळविण्याच्या दुःखद कार्यात फादर स्टीफन्स यांचा सहभाग होता. त्याच वर्षी गोव्यात कैदेत पडलेल्या राल्फ फिच आदी इंग्रज व्यापाऱ्यांच्या सुटकेसाठीही त्यांनी खटपट केली.

मडगावचे येशूसंघाचे महाविद्यालय असुरक्षित ठरल्याने जुवारी नदीकाठच्या रायतूर म्हणजेच राचोल येथील तटबंदीत नवी वास्तू बांधण्यात आली. १६०६ साली तिचा पाया घातला गेला व १६१०च्या सुमारास ती पूर्ण झाली. आल्फ्रिस्टनचे घर एका धर्मगुरूपुरते होते; हे घर समूहासाठी होते. जांभा दगडाच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, मध्यभागी प्रशस्त चौक, चौकाभोवती ओवऱ्या व खोल्या आणि चौकाखाली पाण्याचे टाके. पावसाळ्यात ओवऱ्यांतून न भिजता फिरावे, उन्हाळ्यात टाक्याचे पाणी पुरावे, अशी ही सोय होती. याच घरात मुद्रणालयही चाले.

तेथून १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून बाहेर पडले. नवख्रिस्ती लोकांची पुराणे गेली होती. त्यांच्या कानांना सवयीच्या ओवीत त्यांना काहीतरी हवे होते. या परदेशी धर्मगुरूने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या रचून ती उणीव भरून काढली. मात्र त्यांची एक इच्छा अपुरी राहिली. या भूमीची पुस्तके याच भूमीच्या लिपीत छापावीत, म्हणून १६०८ साली त्यांनी रोमला पत्र लिहून खिळे पाडण्याची अनुज्ञा मागितली होती. जोडाक्षरांसह सुमारे ६०० साचे लागतील ही अडचण त्यांना ठाऊक होती आणि ते २००वर आणण्याचा मार्गही त्यांनी सुचविला होता. ते घडले नाही. 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापावे लागले.

१६१९ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर १६२२ साली त्यांची कोकणी ख्रिस्ती शिकवण आणि १६४० साली कोकणीचे व्याकरण याच रायतूरहून प्रसिद्ध झाले. परंतु १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. 'क्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांनीच ते वाचविले. त्यांपैकी एक देवनागरी पोथी लंडनमध्ये सापडली. जे घर सोडून फादर स्टीफन्स निघाले होते, त्या देशी त्यांच्या ओव्या त्यांच्या आवडत्या लिपीत पोहोचल्या होत्या.

येशूसंघीयांची १७५९ साली हकालपट्टी झाल्यावर रायतूरची वास्तू गोव्याच्या धर्मप्रांताची सेमिनरी झाली. दगडाचे घर असे टिकले. ओव्यांचे घर मात्र ज्यांनी दिवाबत्तीच्या वेळी पोथी वाचली, ऐकली आणि पुढच्या पिढीच्या हाती दिली, त्या सामान्य भाविकांनी टिकविले. फादर स्टीफन्स यांचे स्मरण करताना या अनाम वाचकांचेही कृतज्ञतेने स्मरण करणे उचित ठरेल.