फादर स्टीफन्स आणि परमुलखात जगलेले पुराण

मराठीच्या उपासकांत फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्थान आगळे आहे. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. १५७५ साली रोम येथे ते जेझुइट संघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. मायदेशी ते पुन्हा परतले नाहीत.

साष्टी प्रांतात जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी धर्मकार्य केले. तो काळ कठोर होता. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती; जुन्या धर्मग्रंथांवरही तिची वक्रदृष्टी होती. नवख्रिस्ती समाजाच्या कानांना पुराणश्रवणाची सवय होती, परंतु आता ऐकावयास पुराणच उरले नव्हते. हा अन्याय ज्या सत्तेने केला, तिच्याच छत्राखाली स्टीफन्स वावरत होते, हे विसरता येत नाही. मात्र लोकांची ती भूक त्यांनी ओळखली. तिशीनंतर आत्मसात केलेल्या मराठीत त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले.

पहिल्या भागात जुन्या करारातील कथा आहेत, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र. बेथलेहेम, नाझरेथ, जेरुसलेम ही दूरदेशची स्थाने ओवीच्या लयीतून साष्टीच्या श्रोत्यांना परिचित झाली. स्वर्गास तेथे ‘वैकुंठ’ म्हटले आहे. १६१९ साली गोव्यातच फादरांनी देह ठेवला.

पुढे १६४९ व १६५४ साली ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही मुद्रित प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांतून. गोव्याहून दक्षिण कानडात स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला सांभाळल्या, घराघरांतून तो वाचला. त्यांची घरची बोली कोंकणी, शेजाऱ्यांची तुळू आणि कन्नड. तरी हे मराठी पुराण त्यांनी सोडले नाही. अशा हस्तलिखितांच्या आधारेच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा प्रकाशित केले.

बंगळूरकर मराठी कुटुंबांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. छापखान्याला जे राखता आले नाही, ते कर्नाटकाच्या भूमीवर परमुलखातून आलेल्या कुटुंबांनी केवळ नित्य वाचनाने राखले. आपल्या मंडळाच्या ग्रंथालयातील कपाटे भरलेली आहेत. त्यांतील पुस्तके घरोघरी जाऊन मुलांसमोर मोठ्याने वाचली जावीत, एवढेच मागणे या सुवर्णमहोत्सवी वर्षी करावेसे वाटते.