विम्बल्डनच्या लीला राव

टेनिस म्हटले की आपल्याला सानिया मिर्झा आठवते. तिच्या फार आधी, १९३४ साली, मुंबईची एक मुलगी विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकली होती. तिचे नाव लीला राव. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय.

लीलाबाईंची कथा त्यांच्या आईपासून सांगावी लागते. आई म्हणजे संस्कृत कवयित्री पंडिता क्षमाबाई राव. तुकारामांच्या गाथेचे संपादक शंकर पांडुरंग पंडित हे क्षमाबाईंचे वडील. १८९४ साली ते वारले तेव्हा मुलगी चार वर्षांचीही नव्हती. तिचे बालपण ओढगस्तीत गेले. पुढे मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी तिचा विवाह झाला आणि १९११ साली लीलाचा जन्म झाला. क्षमाबाई स्वतः टेनिस खेळत आणि स्पर्धाही जिंकत. मुलीच्या हाती रॅकेट दिली ती त्यांनीच. त्या काळी रॅकेट ही सुखवस्तू घरातलीच वस्तू होती, हे खरे. पण सुखवस्तू घरे पुष्कळ होती. मुलीला मैदानावर नेणाऱ्या आया किती होत्या?

१९३१ साली लीलाबाईंनी अखिल भारतीय स्पर्धेतील एकेरीचे विजेतेपद मिळविले आणि पुढेही ते अनेकदा जिंकले. आईने गांधीजींच्या चळवळीवर रचलेली ‘सत्याग्रहगीता’ १९३२ साली पॅरिसला छापली गेली. इंग्रजांच्या राज्यात तसले काव्य येथे छापणे सोपे नव्हते. आणि दोनच वर्षांनी याच कवयित्रीची मुलगी इंग्रजांच्या हिरवळीवर उतरली!

पहिल्या फेरीत इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलशी गाठ पडली. पहिला सेट लीलाबाई ४-६ हरल्या. तेव्हा टायब्रेक नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळतच राहायचे. दुसरा सेट अठरा गेम चालला. तो गेला असता तर सारेच संपले असते. लीलाबाईंनी तो १०-८ असा ओढून आणला आणि तिसरा ६-२ घेतला. मला या आकड्यांत तो दुसरा सेटच मोठा वाटतो.

पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अडामॉफने त्यांना हरविले. १९३५ साली तर पहिल्याच फेरीत परतावे लागले. जगाच्या क्रमवारीत त्या कधी वर आल्या नाहीत. कदाचित म्हणूनच त्यांचे नाव मागे पडले असावे. आपण अजिंक्यवीर लक्षात ठेवतो, एक सामना जिंकणाऱ्याला नाही. मला हे पटत नाही.

पुढे सनदी अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नेपाळात राजदूत असतानाच १९६४ साली दयाळ वारले. लीलाबाईंनी भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिले. आई १९५४ साली गेली. तिच्या कथांवरून त्यांनी संस्कृत नाटके रचली.